मागचा पुठ्ठा

ता. ३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र लिहिते. शिवाय ही गोष्ट तोंडाने सांगायला लाज वाटते. या वयात, आणि वहिनीला जाऊन वर्षही झालेलं नसताना.

मी लग्न करते आहे. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आम्ही कृत्रिम दात बनवतो त्या इमारतीची लिफ्ट दर पंधरा दिवसांनी अडकायची. तो ती मुद्दाम अर्धवट दुरुस्त करत होता, असा मला आता संशय येतो. माणूस शांत आहे. वहिनीला आवडला असता. तुझं सांगता येत नाही, तुला कुणीच लगेच आवडत नाही.

अडचण अशी की इथल्या विवाह नोंदणीच्या बाईंना माझ्या घटस्फोटाचा कागद हवा आहे, न्यायालयाच्या शिक्क्यासह. मी म्हटलं, सतरा वर्षं झाली, त्या माणसाचा पत्ताही मला ठाऊक नाही. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या की कागद दिसेपर्यंत आमच्या लेखी तुम्ही त्यांच्याच पत्नी. दादा, ते ऐकून मी बाहेरच्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिले.

वीस एप्रिलपर्यंत कागद द्यायचा आहे. मे महिन्यात त्याची कंपनी त्याला तीन वर्षांसाठी आणखी दूर पाठवते आहे, आणि सोबत फक्त बायकोला नेता येतं. तीन वर्षं थांबायचं आता माझं वय नाही.

तो कागद मी वहिनीच्या हातात दिला होता आणि जाळून टाक म्हणाले होते. तिने जाळला नसेल तर शोधशील?

जेवणाची वेळ पाळ. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
धाकटी

---

ता. १४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. लाज वाटायचे कारण नाही. मला आनंद झाला आहे, पण तो कसा लिहायचा ते येत नाही. आपल्या घरची पत्रे तीच लिहायची, मी फक्त खाली सही करायचो.

तिचे कपाट आठ महिन्यांनी पहिल्यांदा उघडले. तुझी प्रगतिपुस्तके निघाली, गणितातल्या लाल रेघांसकट. चष्म्याची एक काडी निघाली. शिवताना बोटात घालायची तिची टोपणे निघाली, सगळी एका डबीत. कागद निघाला नाही.

न्यायालयाच्या जुन्या दप्तरखान्यात तीनदा जाऊन आलो. तिथला कारकून म्हणतो, खटल्याचा नंबर आणा. मी म्हटले, नंबर त्या कागदावर आहे. तो म्हणाला, मग कागद आणा. मी म्हटले, कागद असता तर तुमचे तोंड बघायला कशाला आलो असतो. तो हसला, त्याने चहा पाजला, काम मात्र केले नाही. नावावरून शोधायला सहा महिने लागतात म्हणे.

तिने जाळला असावा. तुझे ऐकायची ती.

शोधताना फोटोंचा अल्बम हाती लागला. आयुष्यभर तिने माझ्याबरोबरीने दुकानात पुस्तकबांधणीचे काम केले, पण तिच्या हातची पुस्तके सगळी गिऱ्हाइकांच्या घरी गेली. आपल्या घरात तिच्या हातची बांधणी एवढी एकच. त्यानंतर दिवसभर काही काम झाले नाही.

आणखी कुठे शोधू ते कळव. तब्येतीला जप.

तुझा,
दादा

---

ता. २५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी माझं ऐकायची? कधी? थंडीत स्वेटर घाल म्हटल्यावर मी घालेपर्यंत ती दारातून हलायची नाही. ऐकायची मी.

तुझं पत्र वाचून ती संध्याकाळ आठवली. मी न्यायालयातून आले तेव्हा तू गठ्ठे पोचवायला गेला होतास. दुकानात ती एकटीच होती आणि तोच अल्बम बांधत होती. मी तिच्यासमोर कागद टाकला आणि म्हटलं की जाळ, मला पुन्हा दिसता कामा नये. ती म्हणाली, बांधणीवाल्याच्या घरात कागद जाळत नाहीत. मग मला मागच्या खोलीत तोंड धुवायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, घरात आहे, पण तुला दिसणार नाही.

दादा, त्या अल्बमचा मागचा पुठ्ठा जाड झाला म्हणून तू तिला किती चिडवलंस! गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता म्हणालास. ती म्हणाली होती, हा गिऱ्हाइकाचा नाही, घरचा आहे.

मला वाटतं कागद तिथेच आहे. पण तू तो फाडू नकोस. तिच्या हातची एवढी एकच वस्तू आहे, मी इथे दुसरा काही मार्ग शोधते. तो म्हणतो, लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली की आतल्याने फक्त धीर धरायचा असतो. धीर धरेन मी.

रागावू नकोस, लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

---

ता. ६ एप्रिल

चि. सौ. कां. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वरची अक्षरे वाचून हसू नकोस. पहिल्या वेळी तुझ्या पत्रिकेवर छापून घेतली होती, या वेळी हाताने लिहिली आहेत.

तू फाडू नको लिहिलेस. तुझे मीही ऐकत नाही.

रविवारी दुकान बंद ठेवले. चाकू घेऊन बसलो. मग सवयीने कडेवरून अंगठा फिरवला, आणि तीन कडा कडक लागल्या, चौथी मऊ.

आपण पुठ्ठ्याला अस्तर सरसाने चिकटवतो. सरस लावलेले सुटत नाही, फाटते. तिने तीन बाजूंना सरस लावला होता. चौथ्या बाजूला पिठाची खळ. खळ ओल्या फडक्याने सुटते, हे दुकानात पहिल्या आठवड्यात मीच तिला शिकवले होते. चाकू लागलाच नाही. आत तेलकागदात गुंडाळलेला तुझा कागद होता, डाग नाही, शिक्का कालचा वाटावा असा.

तुला तो कधीतरी लागेल, हे तिला तेव्हाच ठाऊक होते. तू म्हणत होतीस, आता सगळे संपले. मीही तसेच समजत होतो. सतरा वर्षे मी त्या पुठ्ठ्याला चूक म्हणत आलो आणि ती ऐकून घेत राहिली.

नंबर दाखवल्यावर त्याच कारकुनाने दोन दिवसांत नवी प्रत दिली. दोन्ही सोबत पाठवतो आहे. जुनी त्या बाईंना दाखवून झाली की तुझ्याजवळ ठेव किंवा जाळ, आता तुझी मर्जी.

अल्बमची ती बाजू उघडीच ठेवली आहे. तुमच्या लग्नाच्या दाखल्याची एक प्रत पाठव, ती तिथे घालीन. ती असती तर म्हणाली असती, खळच लावा, कुणी सांगावे. सावध बाई होती.

मी सरस लावणार आहे.

जावईबापूंना नमस्कार सांग. इथल्या दोघांचेही आशीर्वाद आहेत असे समज.

तुझा,
दादा