सीनियरचा डबा

३ डिसेंबर, मंगळवार
मनिषशेठनी आज मिलमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं. सुपरवायझर चंद्रभान, म्हणजे मी, आजपासून सीनियर सुपरवायझर. वरच्या मजल्यावर काचेची केबिन, फिरती खुर्ची. पगार तोच. धान दाताखाली फोडून त्याची ओल सांगायचं माझं काम आता मशीन करणार. अख्ख्या तुमसरात माझ्यासारखा दात कुणाचा नाही. असो, दात वाचले.
संकल्प: डबा केबिनमध्येच खायचा. पोत्यांवर बसून जेवणं पदाला शोभत नाही.

४ डिसेंबर
पुण्याहून डिंपलचा फोन. माझ्या पोरीने 'सीनियर' शब्द मोबाईलवर शोधला. मूळ लॅटिन, अर्थ 'जास्त म्हातारा'. हसत सुटली. 'सर'सुद्धा त्यातूनच निघालाय म्हणे. हसण्यासारखं काय त्यात? लॅटिन म्हणजे थेट रोम!
नोटीस लावली. यापुढे 'भाऊ' नाही, 'सर'. मी आलो की सर्वांनी उभं राहायचं. खाली सही.

६ डिसेंबर, दुपारी १.१०
कृष्णराव वर आला. बावीस वर्षांपासूनचा सोबती. म्हणाला, भाऊ, जेवाले काहून नाही येऊन राहिले? तुमचा डबा उघडल्याबिगर आमचा घास कसा उतरन?
आमची रीतच तशी. गोलात वयाने सगळ्यात मोठा असेल त्याचा डबा आधी उघडायचा, मग बाकीच्यांचे. पण नियम तो नियम. त्याला नोटीस दाखवली. बरं सर, म्हणाला आणि गेला. तोंड उतरलेलं वाटलं. थकला असेल.

१० डिसेंबर, मंगळवार
काचेतून सगळं दिसतं, ऐकू काहीच येत नाही. गोलातल्या निर्मलाबाई मंगळवारी लाखोळीच्या डाळीचे वडे आणतात. वर कुणी आणून दिले नाहीत. शिस्त लागली, चांगलं झालं.
माझा डबा: पोळी, लोणचं. बायको सुमित्रा गेल्यापासून हेच. गोलात बसलं की त्याच डब्यात पाच भाज्या व्हायच्या.

१३ डिसेंबर
केबिनमध्ये आलेली माणसं: शून्य. खुर्ची दोनदा पूर्ण फिरवून पाहिली. घरी टीव्हीवरच्या बाईने नमस्कार म्हटलं, मीही म्हटलं.

१७ डिसेंबर, मंगळवार
सीनियरने अधूनमधून खाली उतरावं. फक्त पाहणी म्हणून. डबा सोबत घेतला, सहज.
मला बघताच सगळे उभे राहिले. निर्मलाबाईंच्या हातात अर्धा वडा. कृष्णरावाने घास घाईने गिळला आणि विचारलं, काही काम होतं का, सर? मधोमध त्याचाच डबा उघडा. आता सगळ्यात मोठा तोच. पंखा बघायला आलो होतो, म्हणालो. चालू द्या, असंही म्हणालो. कुणी बसेना. अन्न गार होत होतं, म्हणून मीच वर निघालो. जिन्यात असतानाच त्यांच्या गप्पा परत सुरू झाल्या.
डबा उघडला नाही. फार एकटं वाटलं.
नोटीस काढून टाकली. पण ते सांगायला खाली जावं लागेल. आणि मी गेलो, की ते उभे राहतील.