लांबच्या रस्त्याचे पैसे

२ फेब्रुवारी
पोस्टाच्या ऑफिसातले आजही नाहीच म्हणाले! डिझेलची बिलं नुसती टेबलावरून सरकवली बाबांकडे. बाबा सकाळभर ऑफिसातल्या बाकावर, मी बाहेर गाडीत. टपालाची थैली गाडीत एकटी ठेवायची नसते, म्हणून तर मी असते. आधी त्यासाठी एक माणूस होता. त्याचा पगार परवडेना, तेव्हा माझी शाळा सुटली. नववीत. मला फार वाईट नाही वाटलं. वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की माझा घसाच बंद व्हायचा. थैल्या काही विचारत नाहीत.

३ फेब्रुवारी
डोक्यात गुंता होतो, म्हणून एकदा नीट लिहिते.
नदीपलीकडच्या गावाचं टपाल न्यायचा ठेका बाबांचा. पुलाला तडा गेला, पूल बंद. अजून बंदच. तेव्हापासून आम्ही घाटातून वळसा घालून जातो. डिझेल दुप्पट. ऑफिस मात्र पैसे देतं पुलावरच्या जवळच्या रस्त्याचे. वर, उशिरा पोचता म्हणून रोज दंड कापतं! घाट आहे तो, उशीर होणारच ना!
बाबांचं म्हणणं एवढंच — कापलेले परत द्या, लांबच्या रस्त्याचे द्या. गाडीचे हप्ते थकलेत. महिनाअखेर भरले नाहीत तर बँकवाले गाडी ओढून नेणार. गाडी गेली की ठेका गेला. मग काय, कोण जाणे.

९ फेब्रुवारी
मामा आला. कर्जाला तो जामीन आहे, त्यामुळे हल्ली बसायच्या आधीच सुरू होतो. "भावोजी, सरकारशी भांडताय? भिंतीवर डोकं आपटून भिंत फुटते का कधी?"
आई म्हणाली, "तुझ्या तोंडाची गाडी बरी रे, बिनडिझेलची चालते."
बाबा हसले! किती दिवसांनी. मग लगेच उठून टायर बघायला गेले.

१४ फेब्रुवारी
घाटात पंक्चर. म्हणजे अजून एक दंड.

१७ फेब्रुवारी
ऑफिसातल्या जुन्या साहेबांचं घर सापडलं. रिटायर झालेत. पूल बंद झाला त्या सकाळी तेच गाडीपाशी आले होते. "लांबून जा, पण टपाल थांबता कामा नये. पैशांचं मी बघतो." मी गाडीतच होते. माझ्या कानांनी ऐकलंय!
आज दारातच उभे राहिले. या, बसा, काही नाही. "मी असं कशाला म्हणेन? मला नाही बुवा आठवत." बोलत होते बाबांशी आणि बघत होते आमच्या चपलांकडे.
निघताना बाबांनी नमस्कार केला त्यांना. नमस्कार कशाला!!

२१ फेब्रुवारी
बाबांच्या अर्जाची ऑफिसात सुनावणी झाली.
मोठ्या बाई होत्या खुर्चीत. वाईट नव्हत्या, सगळं ऐकून घेतलं. जुन्या साहेबांच्या शब्दाचा विषय आला तेव्हा मी उठले. कशी उठले माहीत नाही. "मी ऐकलंय. मी गाडीत होते." आवाज उंदरासारखा. सगळे बघत होते. बाबासुद्धा.
बाई म्हणाल्या, "बाळ, घरच्यांची साक्ष नाही धरत. लेखी आहे का काही?"
नाही.
मग त्यांनी नियम वाचून दाखवला. रस्ता बंद असला तर थैल्या खिडकीवर परत द्यायच्या, 'रस्ता बंद' अशी चिठ्ठी घ्यायची आणि घरी जायचं. फेरीचे पूर्ण पैसे मिळतात. दंड नाही, काही नाही. "तुम्ही गेलातच कशाला?"
बाबा म्हणाले, "पलीकडे लोक वाट बघत असतात हो."
"ते ठेक्यात नाही."
अर्ज नामंजूर.
बाहेर एक कारकून पान थुंकून म्हणाला, "काका, घरी तंगड्या पसरून बसला असतात तर आज मालामाल असतात." मला त्याचा राग यायला हवा होता. पण खरंच बोलला तो. एक दिवस नाही चुकवला बाबांनी. त्या न चुकवण्याचाच दंड भरला आम्ही.

२२ फेब्रुवारी
आजही घाटातूनच. गेलो, आलो.

२३ फेब्रुवारी
मामाने एक हप्ता भरला. आम्हाला ऐकू जाईल असं आईला म्हणाला, "शेवटचा हं, ताई." आईने या वेळी नुसता चहा पुढे केला.
जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "उद्यापासून नियम." आईला वाटलं, तंबाखू सोडणार.

२४ फेब्रुवारी
बाबांनी थैल्या खिडकीवर परत दिल्या. कारकुनाने दोनदा विचारलं, "नक्की?" चिठ्ठी दिली. डिझेल नाही, दंड नाही, पैसे पूर्ण. ऊन चढायच्या आत घरी! बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. झोपलेले नाहीत.
दुपारी फोन वाजला. वाजतच राहिला. बाबा हलले नाहीत, मग मी घेतला. पलीकडच्या पोस्टातले मास्तर. "अगं, गाडी कुठे अडकली? पेन्शनवाले पायरीवर बसलेत सकाळपासून."
माझा घसा नाही बंद झाला. मी म्हणाले, "रस्ता बंद आहे."
आणि ठेवून दिला.