मोठा नंबर थंड

अप्पा,

ज्यांना बापाने नाहीतर गुरूने उत्तर पाठ करून दिलं आणि ‘का?’ विचारल्यावर डोळे वटारले, त्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे लिहिते आहे. आम्ही पुष्कळ आहोत. कुणी वैद्याच्या हाताखाली शिकलो, कुणी सोनाराच्या, कुणी पाठशाळेत, कुणी तुमच्या गॅरेजात. आमची तक्रार एकच आहे: तुम्ही आम्हाला शंका घेऊ दिली नाहीत, आणि स्वतः चुकलात तेव्हा ती चूक आमच्यातल्याच एकाच्या गळ्यात बांधलीत. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणायची. मी रागावले आहे. हिला बोलायला माईक लागत नाही, असं तुम्हीच माझ्या सभांत पहिल्या रांगेत बसून शेजारच्याला सांगायचात. मग आता ऐका.

गोष्ट चार स्पार्क प्लगांची आहे. ऐकणाऱ्याला हसू येईल एवढी छोटी वस्तू, बोटभर लांब. पण त्या चार प्लगांनी एका माणसाचं नाव पुसलं आणि ते पुसायला तुमचा हात होता.

आपल्या घरातले सगळे पुरुष वेद म्हणणारे. तुमचे दोन्ही भाऊ बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या घरून सोवळ्यात निघायचे आणि तुम्ही खाकी पँट घालून सायकलवर लहुराबीरच्या गॅरेजला. बनियनच्या आत जानवं, जानव्याला टूलबॉक्सची किल्ली. सगळं शहर त्या गल्लीला ‘पंडितजी का गैरेज’ म्हणून ओळखायचं. धंदा बदललात, पण शिकवायची रीत पाठशाळेतलीच ठेवलीत. तुम्ही संथा द्यायचात. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. अर्थ विचारायचा नाही. पाठ झालं की आलं.

तुमचा शिष्य एकच, मिस्त्री. मदनपुऱ्याच्या मुसलमान विणकराच्या घरातला, तेव्हा चाळिशीचा. मी त्याला चाचा म्हणायची. इंजिन चालू असताना बॉनेटवर तळहात ठेवून आजार सांगणारा माणूस. त्यालाही तुम्ही संथाच दिलीत. ‘बड़ा नंबर ठंडा, छोटा नंबर गरम,’ असं तुम्ही म्हणायचात आणि तो स्पॅनर फिरवत, मान डोलवत दोनदा म्हणायचा. वर हसायचा, “पंडितजी, इतना रटवा दिए, अब जनेऊ भी दे दीजिए, हम भी घाट पर छतरी लगाकर बैठ जाएँ।” तुम्हीही हसायचात. ते हसणं मला अजून आठवतं, आणि म्हणूनच पुढचं जास्त टोचतं.

त्या संथेचा अर्थ मला नंतर पुस्तकातून कळला. प्लगचं टोक पेटत्या सिलिंडरमध्ये असतं. काही प्लग ती आच धरून ठेवतात, त्यांना गरम म्हणतात. काही ती पटकन इंजिनाच्या डोक्याकडे सोडून देतात, ते थंड. साध्या गाडीला थोडा गरम प्लग चालतो, टोकावरची काजळी जळून जाते. पण आगीत जास्त हवा कोंबणारं इंजिन असेल, तर प्लग थंडच हवा. नाहीतर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवतं. हे तुम्ही मला किंवा चाचाला कधीच सांगितलं नाहीत. तुम्हाला तरी माहीत होतं का, अप्पा? मला आजही खात्री नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतला तो मे महिना. भदोहीकडचे एक गालिच्यांचे व्यापारी, आपले जुने गिऱ्हाईक, त्यांच्या भावाने सिंगापूरहून आणलेली गाडी घेऊन आले. लाल, बुटकी, जपानी. तुम्ही बॉनेट उघडलंत आणि आपण तिघं वाकून बघत राहिलो. टर्बो पेट्रोल गाडी बनारसमध्ये कुणी पाहिली होती? धुराच्या वाटेवरच एक पंखा बसवलेला, जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा रेटणारा. “ई तो फुँकनी है, पंडितजी,” चाचा म्हणाला. भट्टीची फुंकणी. एका नजरेत त्याने बरोबर ओळखलं होतं.

गाडी पळताना अडखळत होती. प्लग झिजलेले निघाले. त्यांच्यावर सातचा आकडा. तसले प्लग कलकत्त्यालाही मिळेनात, दिल्लीहून निरोप आला की महिना लागेल. शेठजींना चार दिवसांत बायकामुलांना घेऊन अलाहाबादला लग्नाला जायचं होतं, तेही याच गाडीतून, कारण सगळ्या नातलगांना ती दाखवायची होती. म्हणून बाजारात मिळणारे दुसरे प्लग बसवायचे ठरलं. आटे जुळले, लांबी जुळली. दुकानदाराने एका युरोपी कंपनीचे सहा, सात आणि आठ नंबरचे खोके पाठवले. तुम्ही आठचे उचललेत. इंजिन गरम, तर प्लग एक पायरी थंड. विचार बरोबर होता. मोठा नंबर थंड.

इंग्रजी कागद वाचायचं काम माझं. तुम्हाला संस्कृत यायचं, मराठी, हिंदी यायचं, इंग्रजी नाही. मी एम.ए.ला होते आणि दुपारी गॅरेजात येऊन बसायची. खोक्यातला घडीचा कागद मी वाचला, मग परत वाचला.

“अप्पा, यांचं उलटं आहे. यांच्यात नंबर जितका लहान, तितका प्लग थंड.”

“उलटं कसं असेल? नीट वाच.”

“नीटच वाचलंय. आठ गरम आहे. आपल्याला सहाचा लागेल, कदाचित पाचचा.”

“माझी सगळी उमर गेली प्लग लावण्यात. प्लगवर दीडशे, दोनशे असे शेकड्यांचे नंबर होते तेव्हाही मोठा तो थंड. मारुती आली तेव्हाही मोठा तो थंड. आता तुझ्यासाठी उलटं होणार?”

“माझ्यासाठी नाही. कंपनी लिहिते आहे.”

तुम्ही कागद माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवलात. “सभेत बोलतेस तेवढं पुरे. इथे चेष्टा नको.”

आपण मराठीत बोलत होतो. स्टुलावर बसलेल्या शेठजींना एवढाच एक शब्द कळला, तोही त्यांच्या हिंदीतला. ते कळवळून म्हणाले, “अरे करने दीजिए पंडितजी, बिटिया चेष्टा कर रही है तो अच्छी बात है!” त्यांच्या लेखी चेष्टा म्हणजे प्रयत्न. तुम्ही हसलात, मी हसले, चहावाला हसला, आणि त्या हसण्यात माझं म्हणणं वाहून गेलं. चारचौघांत बाप हसायला लागला की मुलीने पुन्हा तोच मुद्दा काढायचा नसतो, एवढं वळण तुम्ही मला लावलं होतंत. मी तो कागद उचलून माझ्या वहीत ठेवला.

चाचा मात्र हसला नव्हता. त्याने आठचा एक प्लग डोळ्यांजवळ धरला होता, दुसऱ्या हातात जुना. टोकाशी जी पांढरी चिनी माती असते ती दोन्हींची पडताळत होता. “पंडितजी, इसकी चीनी लंबी है। लंबी चीनी वाला आग पकड़े रहता है।” आकड्यांपलीकडे वाचता न येणारा माणूस, अप्पा. कागदावर छापलेलं त्याने नुसत्या नजरेने वाचलं. तुम्ही काय विचारलंत?

“नंबर क्या लिखा है?”

“आठ।”

“तो?”

त्याने जुना प्लग बाकावर ठेवला. मग खाली बघून म्हणाला, “बड़ा नंबर ठंडा।” आणि प्लग बसवले.

अलाहाबादच्या रस्त्यावर, ट्रकला मागे टाकताना, गाडीने धूर सोडला. शेठजींची बायको आणि दोन मुली रस्त्याकडेला एका बाभळीखाली दुपारभर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी गाडी दोर बांधून गॅरेजात आली. तुम्ही इंजिनाचं डोकं उतरवलंत. तिसऱ्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक, कडेचं ॲल्युमिनियम मेणासारखं ओघळलेलं. प्लगचं टोक जागेवर नव्हतंच, चिनी मातीवर राखाडी फोड आले होते. ते बघून तुम्हाला सगळं कळलं. मी तुमचा चेहरा पाहत होते. कळलं नाही असं मला सांगू नका.

शेठजी चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, तुम्ही कदाचित भांडणात खरं बोलून गेला असतात. ते म्हणाले, “पंडितजी, आपसे तो गलती हो नहीं सकती। किससे हुई?”

तुम्ही कापडाने हात पुसलेत. एकेक बोट. “मिस्त्री से।”

चाचाने आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कागद माझ्या वहीत होता आणि वही माझ्या मांडीवर. “जी, हमसे हुआ,” तो म्हणाला. मग परत, “हमसे हुआ।” दोनदा म्हणाला. “ऐसे आदमी को रखते काहे हैं?” असं शेठजींनी विचारलं आणि तुम्ही म्हणालात, “नहीं रखेंगे।” बावीस वर्षांची सोबत तुम्ही त्या दोन शब्दांत संपवलीत. त्याने स्वतःचे चार स्पॅनर गमछ्यात बांधले, बॉनेटवर सवयीने हात ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी दोन डबे मांडून बसली होती. “मिस्त्रीला आज भाकरी देऊ का पोळी?” तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, “एकच भर.” तिने तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरा डबा पालथा घातला. वेदांच्या उच्चारात एक मात्रा चुकली तर प्रायश्चित्त घेणाऱ्यांचं आपलं घर! उच्चाराची चूक आपल्याला पाप वाटते, आणि माणूस मोडला तर आपण डबा पालथा घालतो. मी हे वाक्य नंतर कितीतरी सभांत वापरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या घराबद्दल बोलते आहे, ते कधी सांगितलं नाही.

चहाच्या टपरीवर आठवडाभरात त्याचं बारसं झालं. पिस्टन वितळवणारा, म्हणून पिघलू. “का हो पिघलू, आज केकर इंजन गलवला?” म्हणजे आज कुणाचं इंजिन वितळवलंस. बनारसमध्ये एकदा असलं नाव चिकटलं की ते माणसाबरोबरच जातं. एकाही गॅरेजने त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. नदीपलीकडे रामनगरला जाऊन तो पंक्चर काढू लागला. ज्याच्या तळहाताला इंजिनाचा आजार कळायचा, तो माणूस पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसला. आणि तुम्ही त्याच रस्त्याने रामनगरला जाऊन गिऱ्हाइकांच्या गाड्या बघून यायचात. एकदाही थांबला नाहीत.

त्याच महिन्यात तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलंत. कशाबद्दल, ते बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. तुमच्याकडून शिकलेली होते ना. ते घालून मी वर्षानुवर्षं बोलले, वेळेवर सुरू केलं, वेळेवर संपवलं. मग तुम्ही गेलात. हृदय बंद पडलं, तासाभरात सगळं झालं. खरं बोलायला तुमच्यापाशी सहा वर्षं होती, हे मी त्या दिवशीही मोजलं होतं.

गेल्या महिन्यात रामनगरला सभा होती. परतताना टायर बसला. लोक म्हणाले, “आगे पिघलू चचा की दुकान है।” पाटीवरही तेच रंगवलेलं: पिघलू टायर. चाचा आता वाकला आहे. त्याने मला आवाजावरून ओळखलं. “बिटिया, तुम्हारा भाषण यहाँ तक आता है। सच बोलती हो, डरती नहीं हो।” मी पाटीकडे बघते आहे हे पाहून हसला, “अब तो यही नाम है। राशन कार्ड छोड़ सब जगह।” तुमची आठवण काढली, म्हणाला इंजिन ऐकणारा पंडितजींसारखा कान परत कुणाचा झाला नाही. टायर लागला. मी गाडीत बसले आणि आले.

मी व्यासपीठावरून सांगते की मेलेला माणूस मेलेला असतो, तो कुठे जात नाही, कुठून येत नाही. म्हणून तुमचं श्राद्ध केलं नाही आणि हे पत्रही कुठे टाकणार नाही. ज्याला टाकता येईल त्याचा पत्ता मला ठाऊक आहे, आणि तिथे मी एक ओळ लिहिलेली नाही. मला भीती वाटते, अप्पा. मी सांगायला गेले तर चाचा म्हणेल की त्याला सगळं ठाऊक होतं, माझ्या वहीतल्या कागदासकट. माझ्याने होत नाही. आणि जे कधीच मानलं नाही ते आज तुमच्याकडे मागते आहे. तुम्ही जा. उद्या पहाटे तो उठायच्या आधी त्याच्या स्वप्नात उभे राहा, आणि त्याला त्याच्या भाषेत सांगा, “मिस्त्री, प्लग हमने चुना था।”