कापणारी आणि वळणारी

प्रिय एस्तेर,

त्या सकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात बाह्या सरसावून कणीक तिंबत होतीस आणि मी चुलीतली राख काढत होते. शेजारच्या लायोशच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, कोंबडीच्या सुपात शिजवायचे पिठाचे चिमुकले शंख अजून वळायचे होते. माझा फेरेन्त्स लाकडं घेऊन आत आला आणि म्हणाला, "तुम्हा दोघींचंच लग्न लावून दिलं असतं, तर मी सुखाने मेलो असतो." तू पिठाच्या हाताने त्याच्या पाठीत धपाटा घातलास. काळ्या कोटावर पाची बोटं उमटली आणि तो तसाच चर्चच्या मंडळीच्या बैठकीला जाऊन बसला. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. कोट अजून खुंटीला आहे. तो काढावा असं रोज वाटतं आणि रोज राहतं.

गुरुवारची बैठक तशीच चालते. चर्चशेजारच्या दालनात आम्ही सगळे म्हातारे जमतो. एक गीत होतं, पाळक प्रार्थना करतात, मग पुरुष पत्ते कुटतात आणि आम्ही बायका शंख वळतो. रीत तुला ठाऊक आहे. एकीने पिठाचे नखाएवढे चौकोन कापायचे, दुसरीने ते खाचांच्या फळीवर काडीने वळायचे. जोडी एकदा जमली की जमली. जोडीदारीण गेली तर मागे राहिलेलीने फळी सोडायची आणि चादरीपाशी बसून ओले शंख वाळत घालायचे. तुझी मुलगी रेका तुला शहरात घेऊन गेली, तेव्हा दुसऱ्याच गुरुवारी पाळकीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आग्नेश, आता तुम्ही चादरीवर बसा." मी म्हटलं, "एस्तेर मेलेली नाही. गुडघा दुखतोय म्हणून गेलीय, येईल." आणि मी तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर चौकोन कापत राहिले. ते वळायला कुणी नव्हतं. सुकून त्यांचे कडक तुकडे झाले. शेजारीण मार्ता म्हणाली, "कोंबड्यांना दे, त्यांची तरी चंगळ होईल."

मग विल्मा सुरू झाली. फोन केला की तुझी रेका सांगायची, "आई विल्मामावशींबरोबर मंडळात गेलीय." कधी विल्माबरोबर बागेत, कधी विल्माबरोबर खसखशीची पोळी खायला. एकदा तू सापडलीस, तर म्हणालीस, "अगं, आत्ताच तर बोललो आपण, पुन्हा कशाला फोन?" आणि ठेवून दिलास. महिन्याभराने माझा आवाज ऐकून तू असं बोललीस! त्या रात्री मी जेवले नाही. पुस्तक उघडलं. पाळकांच्या कपाटातली निम्मी पुस्तकं मी अशाच संध्याकाळी एकटीने अक्षर लावत वाचलीत, पण त्या दिवशी एक ओळ डोक्यात शिरली नाही.

पुढे पाळकीणबाईंनी सगळ्यांना फोनवर फोटो दाखवला. शहरातलं म्हाताऱ्यांचं मंडळ, लांब टेबल, तू फळीवर शंख वळतेयस आणि समोर चष्मेवाली उंच बाई चौकोन कापतेय. कापतेय! "किती छान जोडी," पाळकीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "सुरी कशी धरलीय बघा, जशी काही पाव कापतेय." सगळ्यांनी माना खाली घालून शंख वळायला घेतले. माझा मत्सर त्यांना दिसला असेल तर दिसू दे. नवरा गेला तेव्हा मला कुणाचा हेवा वाटला नव्हता, त्याला देवाने नेलं होतं. तुला मात्र एक चष्मेवाली घेऊन गेली होती.

गेल्या गुरुवारी शहरातलं मंडळ आपल्याकडे पाहुणं आलं, मुक्कामाला. मी नवा रुमाल बांधून बसच्या दाराशी उभी राहिले. सगळे उतरले, तू नाहीस. शेवटी विल्मा उतरली, सरळ दालनात आली आणि तुझ्या खुर्चीत बसून माझ्यापुढे हात पसरला. मी मुद्दाम अंगठ्याएवढाले चौकोन कापून दिले. तिने एक उचलून उजेडात धरला. "बाई, हे चौकोन आहेत की हातरुमाल?" सगळं टेबल हसलं. मी म्हटलं, "शहरात कसले कापता ते दाखवा की." "मी ट्राममध्ये तिकिटं तपासायचे," ती म्हणाली, "सुरी हातात धरायला एस्तेरने शिकवलं. आणि रोज बोलणी खाते."

पाहुणे घरोघरी वाटले, तेव्हा तिला माझ्याकडे पाठवा असं मीच सांगितलं. तिला घरात गाठून चार शब्द सुनवायचे होते. सूप वाढलं. तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "ती मला विल्मा म्हणत नाही. सुरुवातीला म्हणायची. आता सहा महिने झाले, मी आग्नेश आहे. 'आग्नेश, बारीक काप. आग्नेश, फेरेन्त्सला जेवायला वाढलंस का?' आधी मी तिची चूक दुरुस्त करायचे. मग ती रडायची. म्हणून आता ओ देते." मग म्हणाली, "तुमचा मला किती राग येतो, सांगू? जिला मी कधी पाहिलं नाही, तिचं नाव घेऊन मी रोज जगतेय." माझ्या मनात एवढंच आलं, की माझ्या नावाने तू मारलेली हाक हिला मिळते. खोटं कशाला सांगू, मला तिचा आणखीच हेवा वाटला.

एस्तेर, विल्मा सांगते की तुला माणसं ओळखू येत नाहीत, पण वाचता अजून येतं. सकाळी कपाखाली कागद ठेवला तर तू तो शेवटपर्यंत वाचतेस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच आवडीने. म्हणून हे सगळं लिहिलं. रोज वाच. तुझ्या टेबलाशी बसलेल्यांपैकी चष्मेवाली ती विल्मा, तिला तिच्या नावाने हाक मार, तिने ती कमावलीय. दुसरी बुटकी, रुमाल बांधलेली, ती आग्नेश. रेकाने मला मागची खोली दिलीय. विल्मा माझ्याकडे राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराला कुलूप लावलं, किल्ली मार्ताला दिली आणि त्यांच्या बसमध्ये विल्माशेजारी जाऊन बसले.

तुझीच, खरीखुरी,
आग्नेश