फरशीवरचे थेंब

आये, काल जव्हारला मी वाइन प्यायले. द्राक्षांची दारू म्हणून सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मोहाला काय झालं होतं? आम्ही चौघी, डी.एड.ला एकत्र होतो त्या, आता चौघीही मास्तरणी. जिच्या घरी जमलो तिचा भाऊ नाशिककडे द्राक्षमळ्यात कामाला आहे, त्याने जुन्या बाटल्या दिल्या होत्या. नुसतं प्यायचं नाही. आधी पेला फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट तोंडात धरून कशाची चव लागते ते सांगायचं. एक म्हणाली जांभूळ, एक म्हणाली करवंद, तिसरीला शाळेच्या कपाटाचा वास आला. आम्ही पोट धरून हसलो.

शेवटची बाटली सगळ्यात जुनी. चिठ्ठीवर द्राक्षं तोडल्याचं साल छापलं होतं. तू गेलीस ते साल. माझं हसू तिथंच थांबलं. तेव्हापासून ती अंधारात आडवी पडून मुरत होती आणि इकडे मी शाळा, बदल्या, पोरांची लग्नं करत होते. पेला नाकाशी नेला तर मला आपल्या अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलंच आठवली. खोडाळ्याच्या बाजारातून येऊन तू चुलीशी बसली आहेस, पहिली धार वाटीत धरते आहेस, आणि मी हात पुढे केला की चापटी मारतेस. "आधी धरतरीला, मंग गेलेल्यांना. आपला वाटा कुठं पळून जात नाय."

हात आपोआप वाकला. दोन-चार थेंब फरशीवर पडले आणि तुझं नाव ओठांवर आलं. तुझ्या दिवसकार्याला दादाने तुझ्या नावानं मोहाची धार सांडली, तेव्हा मी उठून गोठ्याकडे निघून गेले होते. नाव घेऊन थेंब दिला की माणूस गेलेल्यांत जमा, आणि मला तू तिथं नको होतीस. पुढे लग्नाकार्यात मी थेंब सांडले ते धरतरीचे, आजा-आजीचे. तुझे कधीच नाहीत.

"अगं, एवढी जुनी, आणि फरशीला पाजतेस?" मैत्रीण हसत म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिने फडक्याने पुसूनही घेतलं. तिच्यात ही रीत नाही, तिला कसं कळणार? हात हलला, एवढंच मी म्हणाले.

उरलेला घोट औषधाच्या रिकाम्या बाटलीतून घरी आणला. सकाळपासून ती खिडकीत आहे, आणि पायरी उतरलं की माती आहे. तुझा वाटा इतकी वर्षं मागे राहिला, याचं फार वाईट वाटतं. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हा कागद कुठं धाडायचा नाहीच, म्हणून खरं ते लिहिते. तिने फडकं फिरवलं तेव्हा मला बरं वाटलं, आये. बाटलीचं बूच मी अजून उघडलेलं नाही.