दोन मुदतबाह्य दाखले

छत्रपती संभाजीनगर,
सोमवार, दुपार

प्रिय तनुजा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण दुसरं काय लिहावं ते सुचेना. कार्यालयातून तुला गेलेल्या पत्रांत नेहमी ‘महोदया’ असायचं. मुलींच्या वसतिगृहाच्या सहाशे लोखंडी खाटांच्या निविदेत तुझी फर्म छाननीत अपात्र ठरली, हे कळवणारं पत्रही तसंच होतं. सही साहेबांची, मजकूर माझा. त्याविरुद्ध तू अपील केलंस आणि गुरुवारी सुनावणी आहे. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून टपालाच्या भरवशावर न राहता उद्या सकाळी मी स्वतः शेंद्र्याला येऊन तुझ्या कारखान्याच्या फाटकावर देऊन जाणार आहे. आत येणार नाही.

अपात्रतेचं पत्र मिळाल्यावर तू आमच्या भांडार शाखेत आलीस. अकरा वर्षांनी आपण समोरासमोर आलो. तू टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणालीस, “रत्ने, अगं पाइपच्या तपासणी दाखल्याची मुदत सरली होती, एवढंच ना? नवा दाखला ह्या पर्समध्ये आहे. एका तारखेपायी माझी चाळीस माणसं घरी बसवतेस?” मी मान वर केली नाही. “बाई, जे काय आहे ते लेखी द्या,” म्हटलं. आमची शिपाई कडूबाई दारातून बघत होती. तू गेल्यावर म्हणाली, “मॅडम, आज लई कडक! सख्ख्या सवतीला बी कुणी असं बोलत नाय.” त्या दिवशीच्या डायरीत मी एकच शब्द लिहिला आहे: गोड.

कॉलेजच्या वसतिगृहात तीन वर्षं आपली खोली एक, मेसचा डबा एक. माझा भाऊ सम्यक आयटीआय करून वेल्डिंगला लागला तेव्हा त्याचं काम बघून तूच म्हणालीस, की आपण खाटांचा कारखाना काढू. शेड तुझं. त्याच्या जातीच्या दाखल्यावर सरकारी पुरवठ्यात सवलत मिळते म्हणून कागदावर मालक सम्यक, पण माल कुठून घ्यायचा, कुणाला गाठायचं, सगळं तू ठरवायचीस. सम्यक कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला होता. “ताई, करू का सही?” मी म्हटलं, “तनू आहे ना, कर.” मी एकही पान वाचलं नाही. आमची आई, केसरबाई, आजही भाकरी वाढता वाढता ऐकवते, “घरात कागद वाचनारी लेक, अन् पोरगं न वाचता बुडालं.” आईचं हे वाक्य मी तुझ्यावर ढकलत आले. त्यातलं निम्मं माझं आहे, हे आज लिहून टाकते.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहायला हवं. एका सरकारी वसतिगृहाला द्यायच्या दुमजली खाटांचा नमुना जाड पाइपचा होता. तो मंजूर झाल्यावर तू हलका पाइप आणलास. सम्यक तुला म्हणाला, “ताई, ह्यो पाइप हलका हाय, वाकंल.” तू हसून म्हणालीस, “नमुना पास झालाय, आता कोण मोजतंय?” तीन महिन्यांत पाय वाकले. वरच्या खाटेवरून पडून सातवीतल्या एका मुलीचं मनगट मोडलं. चौकशीत तू सांगितलंस, “मी फक्त शेड भाड्यानं दिलं होतं.” आणि खरंच, तुझ्या नावाचा एकही कागद निघाला नाही. सम्यकची फर्म काळ्या यादीत गेली. वर्षभरात तू स्वतःच्या नावानं कारखाना काढलास. सम्यक तेव्हापासून पडेगावला दुसऱ्याच्या दुकानात फाटकं जोडतो.

आता माझं. छाननीला बसण्याआधी प्रत्येकाला लिहून द्यावं लागतं की निविदा भरणाऱ्यांपैकी कुणाशी आपला संबंध नाही. मी तसं लिहून दिलं. ते खोटं होतं. तुझ्या नमुन्याचा पाइप मी स्वतः मोजला. ह्या वेळी तो पुरेपूर जाड होता, पाचही नमुन्यांत उत्तम. दाखला मात्र मुदतीबाहेरचा निघाला. अशा वेळी त्रुटी पत्र पाठवून तीन दिवसांत नवा दाखला मागवता येतो. जालन्याच्या पुरवठादाराचाही दाखला तसाच मुदतबाह्य होता. त्याला मी त्रुटी पत्र पाठवलं. तुला पाठवलं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “मुदतबाह्य म्हणजे नसल्यासारखाच, साहेब.” त्यांनी सही केली. जालन्याची गोष्ट तुझ्या वकिलाला ठाऊक नाही. ती तुझ्या अपिलात नाही, आणि तिच्यावाचून तू गुरुवारी हरशील.

जालन्याच्या खाटाही नियमात बसतात. कुठली मुलगी पडणार नाही, हे मी दोनदा तपासलं. सूड घेताना मोजमाप चुकू दिलं नाही, ह्याला प्रामाणिकपणा म्हणावं की आणखी काही, ते मला कळत नाही. तुझ्या चाळीस माणसांचंही मनात येतं. त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही.

काल रविवारी पडेगावला जाऊन मी सम्यकला सगळं सांगितलं. त्यानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. समोरच्या गाड्यावरून भजी मागवली. अर्धी भजी खाऊन झाल्यावर हात पुसले. मग म्हणाला, “पर ताई, तिला काय वाटत असंल? तारीख हुकली, टेंडर गेलं. माझ्यापायी गेलं हे तिला कुठं ठावं हाय? अन् सरकारी कागदावर आजबी चोर मीच.”

म्हणून हे पत्र. माझं खोटं निवेदन आणि दोन दाखल्यांना लावलेला वेगळा न्याय ह्यात माझ्या अक्षरात आहे. हे अपिलाला जोडलंस तर निकाल तुझ्या बाजूनं लागेल आणि माझ्यावर चौकशी बसेल. बसू दे. पण पाइप कुणी बदलला आणि कोण कुणाच्या नावाआड लपलं, तेही ह्यातच आहे. प्रत्येक पानावर मी पूर्ण सही केली आहे आणि ‘एकूण पाने चार’ असं लिहिलं आहे, त्यामुळे सोयीचं पान तेवढं काढून देता येणार नाही. जोडताना मजकूर खरा असल्याचं तुला शपथेवर लिहून द्यावं लागेल, आणि सम्यकचं म्हणणं तुझ्या सहीनिशी सरकारी फायलीत जाईल. नाही जोडलंस, तर खाटांचं काम जालन्याच्या पुरवठादाराला जाईल. खरं तर गुरुवारी मी आपणहून उठून माझी चूक सांगायला हवी. ते मला कळतं. मी उठणार नाही. कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही, एवढंच. काहीही केलंस तरी तुझं काहीतरी जाणार, हे मला आवडतंय. आवडतंय ह्याची लाज वाटते, पण एकही ओळ खोडावीशी वाटत नाही. सुनावणी साडेअकराला आहे. पत्र जोडायचं असेल तर तीन प्रती लागतील.

एके काळी तुझीच,
रत्नमाला सखाराम वाहुळ