उजव्या डोळ्याच्या पापण्या

डहाणू,
सोमवार, दुपार

ती. वसूताईच्या चरणी धाकट्या विष्णूचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर कुरकुरते, तरी वाकलो असं समज.) भावजींचा खोकला गेला का? झरीला बाकी सगळं ठीक असेलच. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी डोळ्यांचं नाव काढलं रे काढलं की तू "कुकर लावलाय" म्हणून फोन ठेवतेस, म्हणून हा खटाटोप. सांगणं एकच: डोळे तपासून घे. का, ते ऐक.

विवळवेढ्याला देवीच्या दर्शनाला गेलो होतो, तिथे फुकट नेत्रतपासणी चालली होती. माझे डोळे ठणठणीत, पण बाहेर ऊन आणि आत पंखा, म्हणून बसलो. यंत्राने डोळ्यात अशी फुंकर मारली की मी खुर्चीसकट मागे! हर्षदा नावाची डॉक्टरीण, तुझ्या लेकीच्या, वर्षाच्या वयाची, म्हणाली, "काका, उजव्या डोळ्यात प्रेशर फार वाढलंय. काचबिंदू दिसतोय." मी म्हटलं, मग टाका काढून, शेजारच्या जीवनने मोतीबिंदू काढला आणि दुसऱ्या दिवशी जिलेबी खात बसला. तर म्हणे हा तसा काढता येत नाही. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेची नजर गुपचूप खात जातो, आणि गेलेली परत येत नाही. उरलेली मात्र रोजच्या थेंबांनी राखता येते. (एवढं सांगून वर गोड हसली. इथे माझी पाचावर धारण बसलेली.)

मग गावातल्या दवाखान्यात दुसरी तपासणी. एका पांढऱ्या घमेल्यात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. आता मी उभा जन्म रेल्वेत सिग्नलवर काढलेला माणूस. दिवा दिसला नाही असं म्हणायची आपल्यात पद्धतच नाही! मी आपला ठेका धरून बटण दाबत राहिलो. दिसला तरी दाब, न दिसला तरी दाब. कागद आला, त्यावर शेरा: भरवशाचा नाही. मला! आयुष्यात लाल दिवा न चुकवलेल्या माणसाला! आमच्या सौ. सुषमाने तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर, माझी बिनपाण्याने केली. पुन्हा बसलो, खरं खरं दाबलं. या खेपेला कागदाची उजवी बाजू करपलेल्या भाकरीसारखी काळी.

थेंब सुरू झाले. उजव्या डोळ्यात, रोज रात्री एक. आणि दोन-तीन महिन्यांत काय व्हावं? त्याच डोळ्याच्या पापण्या वाढल्या! लांब, दाट, वर वळलेल्या, नाटकातल्या राणीसारख्या. (डॉक्टरीण म्हणते, औषधाने होतं असं.) नरपडची चिमी कोळीण बाजारात सगळ्यांदेखत विचारते, "काय काका, एकाच डोळ्याला काजळ?" शेजारची श्रुतिका लग्न ठरल्यापासून बाटली मागत मागे लागली होती, लग्नात अशाच पापण्या हव्यात म्हणून तिला दोन्ही डोळ्यांत घालायचे होते म्हणे. दिली नाही. लोक हसोत, मी थेंब नेमाने घालतो. तब्येतीपुढे लाज कसली?

ताई, हा घराण्यात चालतो. डॉक्टरीण म्हणाली, रक्ताच्या भावंडांनी तपासायलाच हवं. आपले बापू शेवटी दाराच्या चौकटींना धडकायचे आणि आपण म्हणायचो, वय झालं. परवा तू चहा बशीच्या बाहेर ओतलास आणि बशीलाच शिव्या घातल्यास, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मला भीती वाटते गं.

तुझा,
विष्णू

ता. क. गुरुवारी माझी पुन्हा तपासणी आहे. तुझं जाऊ दे. मला त्या घमेल्यापुढे एकट्याने बसवत नाही. नुसती सोबतीला ये.

ता. क. वन्सं, मी सुषमा. थेंबांचं खोटं आहे. श्रुतिकाच्या लग्नात सगळे पापण्यांना हसले, तेव्हापासून बाटली फ्रिजमध्ये तशीच पडून आहे. माझं ऐकत नाहीत, तुम्हाला मात्र टरकतात. या, समोर बसवून थेंब घाला, आणि तुमचेही डोळे दाखवा. नंबर दोघांचे लावलेत. हे मी पानाच्या उजव्या कडेला उभं लिहिलंय. त्यांनी पत्र माझ्यासमोर दोनदा वाचलं, सगळं नीट उतरलंय म्हणाले, आणि घडी घातली. ती उघडून ही शेवटची ओळ जोडतेय.